सहल, गच्चीवरची मेथी की दोनदा तेच शेत?

चौथीच्या वर्गाला मी एकदा पोह्याचं झाड काढायला सांगितलं. खोडी म्हणूनच. दोघी सोडून सगळ्यांनी काढलं, एकाने तर फांद्यांना शेंगदाणेही लटकवले. तो चित्रांचा गठ्ठा घेऊन मी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला गेले आणि मुलांना शेती दाखवायला हवी यावर पाच मिनिटांत एकमत झालं. कशी दाखवायची हे ठरायला मात्र तीन वर्षं लागली. आमची शाळा डोंबिवलीतली, मैदान जेमतेम, पैसे बेताचे. तुमचीही तशीच असेल तर आम्ही काय काय करून पाहिलं ते वाचा.

सगळ्यांना आधी सुचते ती कृषी पर्यटन केंद्राची सहल. सकाळी बस, संध्याकाळी परत; बैलगाडी, गोठा, विहीर, चुलीवरचं पिठलं-भाकरी. शिक्षकांना हीच सर्वांत सोपी. स्वच्छतागृहं असतात, जेवण वेळेवर मिळतं, चाळीस-पन्नास पोरं आवरायची त्या माणसांना सवय असते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं; सहलीच्या केंद्राची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, तेवढं विचारून घ्या. बाजारभाव पडला तरी शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात, म्हणून मी या सहलींना नावं ठेवणार नाही. पण परतल्यावर निबंध लिहायला दिला तेव्हा बहुतेकांनी ट्रॅक्टरच्या फेरीवर लिहिलं. शेत बैलगाडीतून दिसलं तेवढंच. अपवाद हुरड्याचा. आगटीत भाजलेलं कणीस तळहातावर चोळून गरम कोवळे दाणे तोंडात टाकले की भाकरी कशातून येते हे वेगळं सांगावं लागत नाही. जायचंच तर डिसेंबर-जानेवारीत घाटावर, ज्वारीच्या मुलखात जा.

गच्चीवरची परसबाग याच्या उलट. बसभाडं नाही, पण कटकट रोजची. आम्ही भाजीवाल्याकडचे जुने क्रेट आणले, आत गोणपाट अंथरलं, माती आणि शेणखत भरलं. पहिली चूक जुलैतच केली. कोकणपट्टीतल्या त्या पावसात पालेभाजी टिकत नाही; मेथी कुजली, कोथिंबीर उगवलीच नाही. धणे रगडून त्यांची दोन दळं करून पेरायचे असतात, हे शिपाईमामांनी सांगितलं तेव्हा आम्हा शिक्षकांची पंचाईत झाली. दिवाळीनंतर पुन्हा पेरलं. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच. तीन-चार दिवसांत उगवली आणि पाचव्या दिवशी कबुतरांनी निम्मी उपटली. जाळी बांधून तिसऱ्यांदा पेरली, ती महिनाभरात कापणीला आली.

वर्गाच्या वाट्याला किती आली? चार जुड्या. त्यांचे ठेपले केले, प्रत्येकाला अर्धा. पण एक गोष्ट त्या बागेत घडली जी सहलीत घडू शकत नाही: पीक गेलं. शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार यावरून भांडणं झाली, मावा ही कीड पडली, कोणाच्या तरी क्रेटला ऊन कमी मिळालं. चार जुड्यांमागे एवढं सगळं, हा हिशेब पोरांनी स्वतःच मांडला. परसबागेचा तोटाही सांगते. यात भाजी कळते, धान्य कळत नाही. क्रेटमध्ये भात लावून कोणाचं पोट भरत नाही. आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळं वाळून जातं. त्यावर उपाय मला सापडलेला नाही. गच्ची गळत असेल तर विषयच संपला.

माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे: एकाच शेतावर दोनदा जायचं, लावणीला आणि कापणीला. कर्जत, मुरबाड, शहापूर, कुठलंही भाताचं गाव चालेल. खर्च दोन बसचा, म्हणून दुप्पट. त्याहून अवघड म्हणजे वेळ जुळवणं. जूनमध्ये पेरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, तीन-चार आठवड्यांत लावणीला येतो आणि तेव्हा शेतकऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा दिवशी चाळीस मुलं घेऊन जाणं म्हणजे त्याचं नुकसानच, तेव्हा त्याचे पैसे आधी ठरवा आणि एकच खाचर मागा. आमच्या मुलांनी एका चुडात दोन-तीनऐवजी मूठभर रोपं खोचली. आम्ही बसकडे निघालो तेव्हा बाया त्या ओळी उपटून पुन्हा लावत होत्या. मुलांनी ते पाहिलं, बरं झालं. ज्याच्या पायाला जखम आहे त्याला चिखलात उतरू देऊ नका. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोची भीती पावसाळ्यात खरीच असते.

दुसऱ्या फेरीसाठी शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारा: भात हळवं की गरवं, म्हणजे लवकर पिकणारं की उशिरा? गरवं भात नेमकं दिवाळीच्या सुट्टीत कापणीला येतं आणि शाळा तेव्हा बंद असते. हळवं नवरात्राच्या सुमारास तयार होतं, म्हणजे सहामाहीच्या आधी जाता येतं. कमरेएवढं पिवळं शेत पाहून आमच्या मुलांना तीच जागा ओळखू येईना. बांधावरच्या आंब्यामुळे पटली. झोडणी करून दोन पायली भात आणलं, गावातल्याच आजींनी त्यातल्या थोड्याचे पोहे कांडून दाखवले: भिजवलं, भाजलं, गरम असतानाच उखळात कुटलं. झाडाचं चित्र काढणारी मुलं आता पाचवीत होती. ज्याने शेंगदाणे लटकवले होते, तो खाताना फार काही बोलला नाही.

बाजार समितीची भेट हा चौथा पर्याय, स्वस्त आणि सातवीच्या खाली निरुपयोगी. खरी उलाढाल पहाटे होते, गाड्यांच्या गर्दीत लहान मुलं सांभाळता येत नाहीत. मोठ्यांना मात्र अडत्या, हमाल, तोलाई हे शब्द कळतात. राज्यात 2016 पासून फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे. मग जुडीमागे कोणाला किती मिळतं, हा गणिताचा तास तिथेच उभा राहून घेता येतो.

तेव्हा पहिली-दुसरीला सहल पुरे. तिसरीपासून, गच्ची धड असेल तर मेथी, आणि ती दिवाळीनंतरच. बसचे पैसे एकाच इयत्तेपुरते असतील तर ते पाचवीला द्या आणि दोन्ही फेऱ्या करा. एकच फेरी परवडत असेल तर कापणीची. लावणीचे फोटो चांगले येतात म्हणून पालक तिचाच आग्रह धरतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

बसवाला तारीख मागेल. शेतकरी म्हणेल, पाऊस पडला की कळवतो. बसवाल्याला पहिल्याच फोनवर सांगून ठेवा की तारीख ऐन वेळी ठरेल, आणि आगाऊ रक्कम त्याच बोलीवर द्या.