ठाण्यातला ‘स्व’चा आठ रविवारांचा क्लास: पहिले चार चोख, पुढचे चार सांभाळून

नौपाड्यात गोखले रोडपासून दोन गल्ल्या आत, एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी साडेनऊ ते बारा हा क्लास भरतो. आठ रविवार, फी ३,२०० रुपये, बॅच तीस जणांची. पत्रकावर विषय असा छापलाय: ‘मानसशास्त्रातली आत्मपूर्ती ते अद्वैतातला आत्मसाक्षात्कार’. त्यातला ‘ते’ हा एवढासा शब्द सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. त्याकडे येऊच.

पहिले चार रविवार मानसशास्त्राचे, आणि ते मन लावून बसवलेले आहेत. बहुतेक ठिकाणी सुरुवात गरजांचा क्रम मांडणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लोपासून होते. इथे ती कुर्ट गोल्डस्टाइनपासून होते. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करणारा हा डॉक्टर. मोडलेला जीवसुद्धा उरलेल्या क्षमतेनिशी स्वतःला पूर्ण करायला धडपडतो, हे त्याचं निरीक्षण. मॅस्लोने ‘आत्मपूर्ती’ हा शब्द त्याच्याकडून घेतला आणि १९४३ च्या लेखात गरजांच्या क्रमात शेवटी ठेवला. हे आधी कळलं की आत्मपूर्ती म्हणजे ‘मोठं यश’ हा गैरसमज पहिल्याच दिवशी गळून पडतो.

सगळ्यात उपयोगी सत्र तिसरं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या सहकाऱ्यांनी समुपदेशनाआधी आणि नंतर माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमा मोजायला वापरलेली पत्त्यांची पद्धत इथे सोपी करून घेतात. प्रत्येकाला ४० पत्ते. ‘मी चटकन माफी मागतो’, ‘मला एकटं बसायला आवडतं’ अशी वाक्यं. ती आधी ‘मी आत्ता असा’ म्हणून आठ ढिगांत लावायची, ढीग क्रमांक वहीत टिपायचे, पत्ते पिसायचे आणि ‘मला असं व्हायचंय’ म्हणून पुन्हा लावायची. दोन आकड्यांतला फरक पत्त्यागणिक काढला की पोट कुठे दुखतंय ते दिसतं. गडबड दोन जागी होते. शेजारी बसलेला बघतोय म्हटल्यावर माणूस पहिल्याच फेरीत शहाण्यासारखे पत्ते लावतो. शिवाय दोन्ही फेऱ्या लागोपाठ घेतल्या तर पहिली मांडणी डोक्यात राहते आणि फरक खोटाच कमी निघतो. मध्ये चहाची वीस मिनिटं घालणं आणि खुर्च्या भिंतीकडे तोंड करून लावणं एवढ्याने दोन्ही सुटतं. खुर्च्यांचं ते करतात, चहा मात्र दोन्ही फेऱ्या उरकल्यावर येतो.

चौथ्या रविवारी ठेच लागते. पडद्यावर गरजांच्या पायऱ्यांचा तो प्रसिद्ध त्रिकोण येतो. मॅस्लोच्या १९४३ च्या लेखात त्रिकोण नाहीच. तो १९६० च्या सुमारास व्यवस्थापनाच्या लेखनातून रूढ झाला. खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची उघडत नाही, असंही मॅस्लोचं म्हणणं नव्हतं. त्याने मुद्दाम अंदाजाचे आकडे घेऊन सांगितलं होतं की सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागतात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मपूर्तीची १० टक्के. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी, कमी-जास्त. लोकलमध्ये उभं राहून कविता लिहिणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पाचव्या रविवारी त्याच त्रिकोणाच्या टोकावर आणखी एक पायरी चिकटवतात: ‘अद्वैत’, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच. पत्रकावरच्या त्या ‘ते’ला आमचा आक्षेप इथे आहे. आत्मपूर्तीमध्ये काहीतरी घडतं. बीजात असलेलं झाड बाहेर येतं, गळ्यातला सूर तयार होतो. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी क्रियेने मिळणाऱ्या फळांचे चार प्रकार तपासलेत. उत्पाद्य म्हणजे नव्याने तयार होणारं, जसा घट. विकार्य म्हणजे बदलून होणारं, जसं दुधाचं दही. आप्य म्हणजे जाऊन गाठायचं, आणि संस्कार्य म्हणजे दोष काढून किंवा गुण घालून सुधारायचं. मोक्ष म्हणजे आत्मा मुळात जसा आहे तसाच, म्हणून तो यांपैकी एकातही बसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आता त्रिकोणाची वरची पायरी बघा: ती एकतर दही आहे, नाहीतर गाठायचं गाव. आत्मा यांतलं काहीच नसेल तर तो पायरी कसा होईल? नदी ओलांडून आलेल्या दहा जणांनी मोजणी केली आणि स्वतःला मोजायला विसरल्यामुळे प्रत्येकाला नऊच भरले, हे जुनं उदाहरण क्लासमध्ये छान सांगतात. पण दहावा सापडायला कोणाला उंच व्हावं लागलं नाही, हे त्यातलं मर्म निसटतं.

मॅस्लो स्वतः १९७० मध्ये जाण्याआधीच्या वर्षांत आत्मपूर्तीच्या पलीकडच्या अनुभवांबद्दल लिहू लागला होता, हा मुद्दा पायरीच्या बाजूने मांडला जातो. तो खरा आहे, पण कामाचा नाही. शिखरावरचा अनुभव येतो आणि जातो. जे येतं-जातं ते वेदान्ताच्या हिशेबात दृश्यच, म्हणजे जाणलं जाणारं; जाणणारा आत्मा नव्हे.

मग पहिले चार रविवार फुकट गेले का? मुळीच नाही, फक्त त्यांची जागा चुकली आहे. आत्मा संस्कार्य नसला तरी मन संस्कार्य आहे. विवेक, वैराग्य, शमदमादी सहा (मन आवरणं, इंद्रियं आवरणं, तितिक्षा वगैरे) आणि मुमुक्षुत्व म्हणजे मोक्षाची ओढ, ही साधनं मनाचीच. सहाव्या रविवारी ती उरकतात, तीही फळ्यावर नावं लिहून. वास्तविक पत्त्यांचा खेळ इथे पुन्हा काढायला हवा होता: तितिक्षा म्हणजे सोसणं आणि मुकाट गिळणं यांतला फरक, किंवा वैराग्य आणि रुसवा यांतला फरक, ‘मी आत्ता असा’च्या ढिगांत लख्ख दिसतो.

सातवं सत्र दृग्दृश्यविवेकाचं, म्हणजे बघणारा (साक्षी) आणि दिसणारं (दृश्य) वेगळं ओळखण्याचं. त्यातला अभ्यास वीस मिनिटांचा. पाच मिनिटं आवाज ऐकायचे, पाच मिनिटं शरीरातल्या संवेदना, पाच मिनिटं विचार. इथवर उत्तम. शेवटच्या पाच मिनिटांना सूचना येते, ‘आता त्या साक्षीकडे बघा.’ इथे गाडी रुळावरून घसरते. साक्षीकडे बघता आलं तर तो दृश्य झाला, साक्षी नव्हे. मग माणूस डोक्यात ‘मी साक्षी’ नावाचा एक नवा विचार उभा करतो आणि त्यालाच धरून बसतो. सूचना उलट हवी: बघणं सोडा, आणि मागच्या तिन्ही टप्प्यांत जाणीव काही न करता हजर होती एवढं लक्षात घ्या. कोणाला गाढ शांतता लाभली तर तीही जाणली गेली म्हणून दृश्य, हेही तिथेच सांगायला हवं. ते न सांगितल्यामुळे दोघे-तिघे साक्षात्कार खिशात घालून घरी जातात.

याच सत्रात एक काळजीची बाब आहे. प्रवेशाच्या अर्जात नाव, फोन आणि ‘कुठून कळलं’ एवढंच विचारतात. चिंतेच्या आजारावर उपचार चालू असलेल्यांना किंवा नुकतंच घरात कोणी गेलेलं असलेल्यांना अशा अभ्यासात सगळं परकं, काचेपलीकडचं वाटू शकतं. तो साक्षीभाव नव्हे. तसं वाटलं तर लगेच डोळे उघडावेत, तळवे जमिनीला टेकवावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत, उठून चार पावलं चालावं. तरीही टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. ‘अहंकार विरघळतोय’ हे उत्तर तिथे कोणी दिलं तर ऐकू नये.

आठव्या रविवारी महावाक्यं, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच असं सांगणारी उपनिषदांतली वाक्यं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात ‘तत्त्वमसि’ नऊ वेळा येतं, आणि श्वेतकेतू ‘आणखी समजावून सांगा’ म्हणाला की त्याचे वडील नवं उदाहरण देतात. म्हणजे ती समजूत काढण्याची रीत आहे. इथे मात्र गृहपाठ मिळतो: ‘अहं ब्रह्मास्मि’ आरशासमोर रोज २१ वेळा. औषधाचं नाव घेतल्याने रोग जात नाही, हे वेदान्तानेच सांगून ठेवलंय. श्रवणात वाक्याचा अर्थ लावायचा, मननात शंका फेडायच्या, आणि कळलेलं मनात मुरवणारं निदिध्यासन तिसरं. इथे पहिल्या दोन्हींना मिळून चाळीस मिनिटं. वर पुस्तिकेच्या ६४ पानांत ज्ञानदेवांचं नाव एकदाही नाही. मराठीतून हा विषय शिकवायचा आणि त्यांच्या अमृतानुभव या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणातलं अज्ञानखंडन बाजूला ठेवायचं, हा करंटेपणा वाटतो.

शिकवणारे मात्र प्रामाणिक आहेत. अडलं तर ‘पाहून सांगतो’ म्हणतात आणि पुढच्या रविवारी खरंच सांगतात.

मानसशास्त्राचे चार रविवार वेगळे घेता येतात, १,८०० रुपयांत; पहिल्यांदा जाणाऱ्याने तेवढेच घ्यावेत. हॉलचा एसी कुरकुरतो, मागच्या दोन रांगा टाळा. वाशी-नेरूळकडून येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीच ट्रान्स हार्बरचा मेगाब्लॉक बघून ठेवावा, कारण चुकलेलं सत्र पुढच्या बॅचमध्ये भरून देत नाहीत आणि साडेनऊला दार लावतात.