प्रवासी भारतीय बीमा योजना: तेलक्षेत्रावर निघालेल्या कामगाराला कितपत पुरते?

नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या कारखान्यांत हात बसलेले वेल्डर, फिटर, रिगर आखातात जातात, तसेच इराक, लिबिया, नायजेरियातल्या तेलाच्या कामांवरही जातात. एजंट फाइल हातात देतो, तिच्यात या सरकारी विम्याचा कागद असतो आणि घरी सांगितलं जातं, 'दहा लाखांचा विमा आहे, काळजी करू नका.' विमा चांगला आहे. पण तेलक्षेत्रातल्या ज्या धोक्याची घरच्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते, तो अपहरणाचा धोका त्यात येत नाही.

आधी जमेची बाजू. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, म्हणजे महिन्याला साधारण अकरा रुपये. अपघाती मृत्यू किंवा नोकरी जाईल असं कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. दवाखान्यासाठी १ लाख, पण एका वेळी ५० हजारांपर्यंतच. आजारपणामुळे कामाला अपात्र ठरलात किंवा चूक नसताना करार मध्येच तुटला तर परतीचं इकॉनॉमीचं भाडं. नोकरीसंबंधीच्या कोर्टकज्जासाठी ४५ हजार. सगळ्यात मोलाचं म्हणजे मालक बदलला, ठिकाण बदललं तरी १० लाखांचं संरक्षण सुटत नाही, आणि अपघाताबद्दल भारतीय दूतावासाने दिलेला दाखला विमा कंपनीला मान्य करावा लागतो. वाळवंटातल्या कॅम्पमधून पोलिसांचे कागद मिळवायला घरच्यांना किती दारं वाजवावी लागली असती, याचा विचार केला की या एका कलमाची किंमत कळते. मुदत संपली की नूतनीकरण ऑनलाइन होतं. या पैशांत हे नक्की घ्यावं. साध्या नोकरीसाठी आम्ही याला पाचपैकी चार देऊ.

तेलक्षेत्रासाठी मात्र दोनच.

पहिली अडचण, ही पॉलिसी मुळात मिळते कुणाला? सक्ती आहे ती ईसीआर पासपोर्टवर (म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स ही परवानगी घ्यावी लागते अशा पासपोर्टवर) ठरावीक १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांना. त्या यादीत इराक, लिबिया, येमेन, दक्षिण सुदान आहेत. नायजेरिया आणि अल्जीरिया नाहीत. दहावी पास झालेल्याला ईसीआर लागत नाही, म्हणजे आयटीआय केलेले आपले बरेच कुशल कामगार या सक्तीच्या बाहेरच राहतात. जहाजावर जाणाऱ्या खलाशांची वाट तर वेगळीच आहे. दुसरी गडबड एजंट करतात: दुबईच्या व्हिजिट व्हिसावर बसवून तिथून पुढे पाठवतात. एमिग्रेशन क्लिअरन्सच झाला नाही, तर त्याच्याबरोबर येणारी पॉलिसीही नाही. फाइलमधल्या कागदावर पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक आणि वारसाचं नाव आहे का, ते पैसे देण्याआधी बघा. एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. त्याला सेवाशुल्क ३० हजार आणि वर कर एवढंच घेता येतं.

आता अपहरण. खंडणी, वाटाघाटी, ओलीस असताना बुडालेला पगार, यातलं काहीच या योजनेच्या लाभांत नाही. ओलीस असताना जीव गेला, तर तो 'अपघाती' धरायचा का, हे पॉलिसीतल्या युद्ध आणि दहशतवादाबद्दलच्या शब्दांवर अडू शकतं. ते पान सही करण्याआधी वाचा.

हा धोका बहुतेकदा रस्त्यावर गाठतो. लिबियात १४ सप्टेंबर २०२० रोजी अश्शवेरीफजवळ सात भारतीय उचलले गेले. बांधकाम आणि तेलक्षेत्राला सेवा पुरवणाऱ्या कंपनीतले हे कामगार घरी परतण्यासाठी त्रिपोली विमानतळाकडे निघाले होते. सुटका झाली ती ऑक्टोबरात. अल्जीरियातल्या इन अमेनासच्या गॅस प्रकल्पावर १६ जानेवारी २०१३ ला हल्ला झाला. त्याची सुरुवातही विमानतळाकडे निघालेल्या बसपासून झाली, मग प्रकल्पच ताब्यात गेला आणि सुमारे ४० कामगारांनी जीव गमावला. नायजेरियात बॉनीजवळच्या समुद्रात ३ डिसेंबर २०१९ रोजी एका तेलवाहू जहाजावरून १८ भारतीय पळवले गेले. कॅम्पला कुंपण असतं, पहारा असतो. सुट्टीवर जाण्याचा दिवस, बसची वेळ आणि रस्ता मात्र ठरलेला असतो, आणि ते फितूर माणसाला सहज कळतं.

यासाठी मोठ्या तेल कंपन्या अपहरण आणि खंडणीचा वेगळा विमा घेतात. त्यात खंडणी आधी कंपनी भरते, विमा नंतर भरपाई देतो. खरी किंमत असते ती वाटाघाटी करणाऱ्या तज्ज्ञांची, जे पहिल्या दिवसापासून सोबत बसतात. असा विमा आहे हे बाहेर सांगितलं तर तो रद्द होऊ शकतो, म्हणून कंपनी तुम्हाला 'हो' म्हणणारच नाही. विचारून उपयोग नाही. शिवाय तो थेट नोकरदारांपुरता असू शकतो, आणि नाशिकहून जाणारा माणूस बहुधा उपकंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असतो. आमच्या मते सगळ्यात मोठं भगदाड इथेच आहे.

ते बुजवायची जागा म्हणजे करारपत्र. मुलाखतीच्या वेळीच एजंटाकडून लेखी घ्या: विमानतळ ते कॅम्प प्रवास कोण करवतो, मूळ तेल कंपनी की उपकंत्राटदार? गाड्या किती, सोबत पहारा कुणाचा? निघाल्या-पोचल्याची नोंद कोण ठेवतो आणि गाडी वेळेत पोचली नाही तर किती मिनिटांत शोध सुरू होतो? रात्री प्रवास बंद आहे का? कामगार बेपत्ता झाला तर पगार घरी चालू राहतो का, किती महिने, कुणाच्या खात्यावर? नीट चालवलेल्या कामावर या प्रश्नांची उत्तरं छापील असतात. 'तिकडे गेल्यावर बघू' असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, ते काम सोडावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरी करायची तयारी फुकट आहे, पण विम्याइतकीच गरजेची. घरातल्यांनाच माहीत असेल असा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ठरवून ठेवा. माणूस जिवंत आहे याची खात्री वाटाघाटीत अशाच प्रश्नाने करतात. आजीने ठेवलेलं नाव चालेल, फेसबुकवर असलेली जन्मतारीख नाही. फोन घ्यायला घरातला एकच शांत डोक्याचा माणूस नेमा. फोन आलाच तर त्याने रक्कम कबूल करू नये, वेळ आणि शब्द लिहून ठेवावेत, आणि लगेच कंपनी व दूतावासाला कळवावं. टीव्हीवाल्यांना घर दाखवू नये. प्रसिद्धीने मागणी वाढते. सुट्टीच्या विमानाची तारीख स्टेटसला टाकू नका. ही शिस्त भावकीच्या ग्रुपवरही पाळायला सांगा.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दूतावासाकडे नाव नोंदवा. पासपोर्ट, करार आणि पॉलिसीच्या प्रती नाशिकला घरी ठेवा, त्यावर कॅम्पचा पत्ता आणि कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर लिहा. तक्रार घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर टाकता येते, आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे.