शॅम्पेन घ्यावी की प्रोसेको?

दोन्ही फेसाळ, पण हा फेस तयार होतो वेगवेगळ्या ठिकाणी, आणि चवीतला फरक तिथूनच सुरू होतो.

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात वाइन दुसऱ्यांदा आंबते ती बाटलीतच. साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्ये विरघळतो. मृत यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने राहिल्याने भाजलेल्या पावाचा, बदामाचा गंध उतरतो. साधी शॅम्पेनही किमान १५ महिने मुरवावी लागते, एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर ३ वर्षं. किंमत चढते ती यामुळेही. डॉम पेरिन्यों या फ्रेंच साधूंनी तिचा शोध लावला, ही मात्र दंतकथा. ते मठात वाइनच्या कोठाराचे प्रमुख झाले १६६८ मध्ये. साखर घालून वाइन फेसाळ करण्याची रीत लंडनमध्ये इंग्रज वैद्य ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ मध्येच मांडली होती.

ईशान्य इटलीची प्रोसेको मुख्यतः ग्लेरा द्राक्षांची. ती दुसऱ्यांदा आंबते स्टीलच्या बंद टाकीत. यीस्टचा गंध जवळजवळ नाही. नाशपाती, हिरवं सफरचंद, फुलं. ताजेपणीच प्यावी.

ग्लास दोन्हींना ट्यूलिपच्या आकाराचा. फ्लूटमध्ये, म्हणजे उंच, अरुंद ग्लासात, बुडबुडे छान दिसतात, पण वास कोंडतो.

कॉकटेलसाठी मी निःसंकोच प्रोसेको घेईन. व्हेनिसच्या हॅरीज बारमधली बेलिनी म्हणजे पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको. तिथे शॅम्पेनचं मुरलेपण वाया जातं. बाटलीत आंबवलेली चव हवी आणि खर्च बेताचा ठेवायचा असेल, तर नाशिकची सुला ब्रूट याच पद्धतीने बनते.