कबड्डीच्या पोरांची पंगत: जळगावच्या मैदानामागची भरिताची खानावळ

विभागीय शालेय कबड्डी जळगावात असली की जेवण इथंच. धुळे, नंदुरबार, नाशिक, सगळीकडचे संघ, मास्तर आणि टेम्पो भरून आलेलं गाव एकाच पंगतीत बसतं. मैदानावर तासाभरापूर्वी एकमेकांविरुद्ध घसा फोडणारे पालक इथं शेजारी मांडी घालून ठेचा पुढं सरकवतात.

भरीत अस्सल. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची वांगी, हिरवी-पांढरी, मोठी. मागच्या अंगणात तुरीच्या काड्यांवर ती भाजली जातात, साल काळी पडून फुटेपर्यंत. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धूर येत नाही म्हणजे नाहीच. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत सालीसकट उडीद दळलेले, त्यामुळे दोन भाकरीत पोट भरतं.

एक तक्रार: हात धुवायला एकच नळ, गर्दीत फार खोळंबा होतो. मालकांनी तेवढं बघावं.

पण मला ही जागा आवडते ती वाढण्याच्या रीतीसाठी. हरलेला सतरा वर्षांखालचा एक संघ मान खाली घालून बसला होता, ताटाला हात लावेना. जिंकलेल्या संघासोबत आलेल्या धुळ्याच्या एका काकांनी परात स्वतःकडे ओढली, "पहिले या पोरेस्ले वाढा," म्हणाले आणि त्यांच्या कॅप्टनच्या भाकरीवर तेलाची धार स्वतः सोडली. पोरगा जेवला.

दुपारी दीडच्या आत पोहोचा, नंतर भरीत संपतं.