नवी बॅटरी आणि चार्ज न होणारा लॅपटॉप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बॅटरी बदलून आठ महिने झाले. या काळात चार वेळा मी ती परत पाठवायला निघाले होते, आणि त्यातल्या तीन वेळा दोष तिचा नव्हताच. बॅटरी बदलल्यावर चार्जिंग बिघडलं की संशय पहिल्यांदा नव्या बॅटरीवरच जातो, माझाही गेला. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

लॅपटॉप पाच वर्षांचा. टचपॅड दाबला जाईना, तेव्हा कळलं की खालची बॅटरी फुगून त्याला टेकली आहे. आतलं रसायन बिघडून वायू साठला की बॅटरी फुगते. अशी बॅटरी चार्ज करू नये आणि टोचून हवा काढायचा विचारही करू नये, आग लागते. लॅपटॉप लगेच बंद करून ठेवला आणि जुनी बॅटरी काढल्यावर ई-कचऱ्यात दिली. माझ्या मॉडेलसाठी मूळ कंपनीची बॅटरी मिळत नव्हती, म्हणून दुसऱ्या उत्पादकाची, त्याच पार्ट नंबरला चालणारी घेतली. तीन सेल, ११.४ व्होल्ट, ४२ वॅट-तास. व्होल्टेज आणि पार्ट नंबर दोन्ही जुळतात ना, हे जुन्या बॅटरीवरच्या लेबलशी ताडून पाहिलं. एवढं तरी प्रत्येकाने करावंच.

बसवली, झाकण लावलं, चार्जर जोडला. पडद्यावर बॅटरीच्या चिन्हावर फुली. थोड्या वेळाने २८ टक्के दिसले, पुन्हा फुली. बॅटरी २८ टक्क्यांवर आली याचं वाईट वाटून घेऊ नका. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या विमानाने पाठवायच्या तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवता येत नाहीत, हा नियम २०१६ पासून आहे. काही बॅटऱ्या तर झोपवूनच पाठवतात, चार्जर लागेपर्यंत त्या मेल्यासारख्या वाटतात. पण दिसणं आणि नाहीसं होणं हे वेगळं लक्षण होतं.

झाकण पुन्हा उघडलं. टॉर्च धरून कनेक्टरकडे आडव्या नजरेने पाहिलं, तर त्याची डावी बाजू केसभर वर राहिली होती. वरून बघताना अगदी नीट बसल्यासारखा वाटत होता. या कनेक्टरमध्ये वीज नेणाऱ्या पिना असतातच, शिवाय बॅटरी आणि लॅपटॉप यांच्या बोलण्यासाठी वेगळ्या पिना असतात. बॅटरीच्या आतल्या सर्किटमधली चिप आपलं तापमान, व्होल्टेज, किती चार्ज उरला हे सगळं त्यांवरून कळवते. ते बोलणं तुटलं की लॅपटॉप सुरक्षिततेसाठी चार्जिंगच करत नाही. नखाने दोन्ही बाजू सारख्या दाबल्यावर बारीक ‘टक’ झालं आणि फुली गेली. हे करताना चार्जर काढलेला असावा, आणि कनेक्टर काढायचा झाला तर वायर धरून ओढू नये.

त्याच रात्री दुसरी अडचण. चार्जिंग ६० टक्क्यांवर येऊन थांबलं, खाली लिहिलेलं : प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. तासभर वाट पाहिली. लॅपटॉप बंद करून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढून रीस्टार्ट केलं. काही फरक नाही. विक्रेत्याला लिहायला बसले आणि तेव्हा आठवलं, दोन वर्षांपूर्वी जुनी बॅटरी जास्त टिकावी म्हणून मीच ६० टक्क्यांची मर्यादा घातली होती. लॅपटॉप सतत प्लगला असेल तर ही सोय फार चांगली, कारण पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिलं की सेल लवकर झिजतात. पण माझ्या लॅपटॉपमध्ये ही मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, साठते. बॅटरी बदला, विंडोज नव्याने टाका, ती तशीच राहते. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन बंद केली आणि आकडा पुढे सरकला. चार्जिंग ५०, ६० किंवा ८० अशा गोल आकड्यावर अडत असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ही सेटिंग बघा. बिघाड इतका नेमका आकडा धरून थांबत नाही.

आणखी एक : ८० टक्क्यांनंतर वेग कमी होतो तो बिघाड नाही. सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला पोहोचलं की चार्जर करंट हळूहळू कमी करत जातो. शेवटचे २० टक्के रेंगाळतातच.

मग तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉप २३ टक्क्यांवर असताना फट्कन बंद पडला. यात मात्र बॅटरीचा वाटा होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की विंडोज एक अहवाल बनवून देतं. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे मूळ क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. माझ्याकडे दोन्ही जागी नेमका एकच आकडा होता, ४२,००० मिलिवॅट-तास. छान वाटण्यासारखा, पण त्याचा अर्थ असा होता की बॅटरीतल्या मोजणाऱ्या चिपने अजून काहीच मोजलेलं नव्हतं, कारखान्यात भरलेला आकडाच ती सांगत होती. ही चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब ठेवते. एकदा पूर्ण भरलेलं आणि एकदा पूर्ण रिकामं झालेलं पाहिल्याशिवाय तिचा हिशेब जमत नाही.

म्हणून १०० टक्के भरून दोन तास तसंच चार्जरवर ठेवलं, मग चार्जर काढून आपोआप बंद पडेपर्यंत वापरलं, पाच तास विश्रांती दिली आणि मध्ये न थांबता पूर्ण भरलं. असं दोनदा केल्यावर अहवालात ३९,८०० आलं. लेबलपेक्षा थोडं कमी, तरी खरं. त्यानंतर एकदाही अचानक बंद पडला नाही. हा उपाय मात्र दर आठवड्याला करायचा नाही, पूर्ण रिकामं करण्याने बॅटरी झिजतेच.

सगळ्यात जास्त दमवलं चौथ्या महिन्यातल्या बिघाडाने. चार्जर जोडलेला, लॅपटॉप चालतोय, आणि चार्ज होत नाही. कधी सकाळी होई, दुपारी नाही. भर म्हणून सगळं काम इतकं संथ झालं की साधी फाइल उघडायला वेळ लागे. कनेक्टर पुन्हा बसवून झाला, मर्यादा तपासली, बायोस अपडेट केलं. मल्टिमीटरने चार्जरचं व्होल्टेज पाहिलं तर १९.५, जेवढं हवं तेवढं. या आकड्याने मला चार दिवस चुकीच्या दिशेला नेलं. चार्जर ठीक आहे, म्हणजे बॅटरीच गेली, असं मी धरून चालले.

उलगडा झाला तो बायोसच्या पानावर. तिथे चार्जरचा प्रकार लिहिलेला असतो. माझ्याकडे ६५ वॅट असायला हवं होतं, लिहिलं होतं अनोळखी. मी ते पान उघडं ठेवून केबल पिनेजवळ, जिथे ती रबराच्या मानेतून बाहेर येते, हळूच वाकवली. अनोळखीचं ६५ वॅट झालं. सोडली, पुन्हा अनोळखी. या जातीच्या चार्जरच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते, ती फक्त ओळख पटवण्यासाठी. तिची तार केबलच्या मानेत तुटत आली होती. वीज पूर्ण येत होती, पण हा किती वॅटचा चार्जर आहे हे लॅपटॉपला कळत नव्हतं. मग तो स्वतःपुरती वीज घेतो, बॅटरीला देत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद करतो. संथपणाचं कारण तेच. केबल आधीपासून झिजत असणार, नवी बॅटरी फक्त त्याच काळात आली होती.

ओळखीतल्या एकाचा तसाच चार्जर दोन दिवस मागून घेतला. दोन्ही दिवस चार्जिंग एकदाही अडलं नाही, तेव्हा नवा चार्जर घेतला. बॅटरी परत पाठवण्याआधी दुसऱ्या चार्जरने चाचणी करणं मला आता सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टाइप-सी वाल्यांनी केबलही बदलून पाहावी. ६० वॅटच्या वर जायचं तर ५ अँपिअरची, चिप असलेली केबल लागते. साध्या केबलवर १०० वॅटचा चार्जरही ६० च्या पुढे जात नाही.

आज अहवालात ३८,१०० दिसतं, सायकल काउंट, म्हणजे आजवर झालेल्या पूर्ण चार्जइतक्या फेऱ्या, ११२. माझ्या कामावर, म्हणजे लेखन, ब्राउझर आणि मधूनमधून व्हिडिओ कॉल, साडेचार तास निघतात, सुरुवातीला पाच निघत. चार्ज होताना तळ कोमट होतो, गरम नाही. दर महिन्याला लॅपटॉप टेबलावर पालथा ठेवून पट्टी आडवी धरते आणि झाकण कुठे उचललं गेलंय का पाहते. अजून सपाट आहे. एकच तक्रार राहिली : रात्रभर स्लीपमध्ये ठेवला तर सकाळी ९-१० टक्के उतरलेले असतात, जुन्या बॅटरीला नवी असताना इतके जात नव्हते. बॅटरीमुळे की अपडेट केलेल्या बायोसमुळे, हे बघायला या आठवड्यापासून रात्री हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद, करून ठेवते आहे.