व्रोत्सवाफमधला तांबडा-पांढरा

पोलंडच्या व्रोत्सवाफ शहरात आमच्या ट्राम स्टॉपसमोरच्या पाटीवर नुसतं 'बार म्लेच्नी' लिहिलंय. नावात बार असला तरी दारूचा थेंब मिळत नाही. पोलंडमधली ही साधी, स्वस्त खानावळ. पहिली 1896 मध्ये वॉर्सात स्तानिस्लाव द्वुझेव्स्की नावाच्या जमीनदाराने काढली, कम्युनिस्ट राजवटीत त्या गावोगावी झाल्या आणि बिनमांसाच्या पदार्थांना अजूनही सरकारी अनुदान मिळतं. त्यामुळे दहा झ्लॉटीच्या (पोलिश चलन) आत पोटभर सूप येतं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे फळ्यावर 'तांबडं बार्श्च' आणि 'पांढरं बार्श्च' ही दोन सुपं एकाखाली एक दिसल्यावर दोन्ही मागवणं भागच होतं. आपल्या तांबड्या-पांढऱ्याशी नातं रंगापुरतंच, हे आधीच सांगतो. तिखटाचा पत्ता नाही. इथे सगळा खेळ आंबटाचा.

तांबडं बार्श्च बिटाचं. बऱ्याच हॉटेलांत बीट उकळून व्हिनेगर ओततात, म्हणजे नुसतं गोड-आंबट गुलाबी पाणी. इथे काउंटरमागे काचेच्या बरण्या उघड दिसतात: बिटाच्या फोडी, मिठाचं पाणी, लसूण, तमालपत्र, ऑलस्पाइसचे दाणे. पाच-सात दिवसांत ते पाणी आंबतं आणि जांभळट-लाल, किंचित दाट होतं. हे आंबवणी सूपमध्ये शेवटी घालतात आणि उकळी फुटू देत नाहीत. उकळलं की रंग तपकिरी पडतो. माझ्या कपातलं सूप माणकासारखं लाल आणि इतकं नितळ होतं की तळाचा मिरीचा दाणा दिसत होता. पोलिश लोक ते बरेचदा कपाने पितात. नाताळच्या आदल्या रात्री, बारा बिनमांसाच्या पदार्थांच्या जेवणात, याच्यात मशरूम भरलेल्या चिमुकल्या करंज्या, 'उश्का', सोडतात.

पांढरं गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचं, हेच राय नावाच्या धान्याच्या पिठाचं केलं की झुरेक. मार्जोरम नावाचा सुगंधी पाला, लसूण, पांढरं सॉसेज, उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग. चव उत्तम, पण इथे ते जरा गार येतं. तक्रार केली तर काउंटरवरची बाई अशी बघते, की नको तो गरम रस्सा.

स्वयंपाकघरात एक युक्रेनियन काकू आहेत, आणि गुरुवारी त्यांचं बोर्श्च असतं. ते कपाने पिता येत नाही, चमचा उभा राहील असं दाट: बीट, कोबी, बटाटा, घेवड्याचे दाणे, टोमॅटो, डुकराच्या बरगड्या. वर आंबट सायीचा गोळा, भरपूर शेपू आणि सोबत लसणाच्या तेलात माखलेले पाम्पुश्की, म्हणजे छोटे मऊ पाव. 1 जुलै 2022 ला युनेस्कोने युक्रेनियन बोर्श्चची परंपरा तातडीने जपायच्या वारशात घेतली, तेव्हा रशियाने युक्रेनवर हल्ला करून चार महिने झाले होते. पोलिश की युक्रेनियन, असं मला विचाराल तर जेवायला युक्रेनियन, प्यायला पोलिश.

तसंही या शहरात दोन्ही घरं वेगळी काढणं अवघडच. 1945 पर्यंत हे जर्मन ब्रेस्लाउ होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन गेले आणि पूर्वेकडून पोलिश माणसं आली, त्यांतली पुष्कळशी ल्वूफची, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्वीवची. त्यांच्या मागोमाग ओसोलिनेउम ग्रंथालयही आलं आणि चौकातला नाटककार फ्रेद्रोचा पुतळाही. बटाटा आणि रवाळ, आंबूस पनीर भरलेल्या प्येरोगी, म्हणजे पाण्यात उकडलेल्या करंज्या, त्याच मुलखातल्या. इथल्या हातवळणीच्या आहेत, कडेला घातलेली मुरड सारखी नाही, आणि हेच बरं. सारण मिरीने चरचरीत.

शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहायचं. प्येरोगीत मांस नसलं तरी वर स्क्फार्की, म्हणजे चरबीचे कुरकुरीत तुकडे, न विचारता घालतात. बायको शाकाहारी आहे, तिने 'बेझ स्क्फारेक' एवढंच पोलिश पक्कं पाठ केलंय. तिची पसंती कोबी-मशरूमच्या प्येरोगीला, वर लोण्यात तांबूस परतलेला कांदा. बटाट्याची थालीपिठं, प्लात्स्की, तीही खाते, पण ती तेलकट निघतात. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळलेले गोवोंब्की मी एकदाच घेतले. टोमॅटोच्या सॉसमध्ये साखर जास्त आणि खिम्याला चवच नाही. ते सोडून द्या.

पद्धत अशी, की आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती खिडकीत द्यायची आणि नंबर पुकारला की उठायचं. नंबर पोलिशमध्येच पुकारतात, म्हणून तीसपर्यंतचे आकडे शिकून जा. ताट-वाट्या स्वतः परत नेऊन ठेवायच्या, नाहीतर सगळी खानावळ तुमच्याकडे बघेल. कोम्पोत, म्हणजे फळं उकळून केलेलं गोड पेय, नक्की घ्या, सुक्या आलुबुखारचं असेल तर दोन ग्लास. संध्याकाळी सहाला बंद होतं, आणि गुरुवारी दोननंतर गेलात तर बोर्श्च संपलेलं असतं.