जिप्सी घ्यावी की जुनी जीप? मुंबईत स्वतः काम करणाऱ्यासाठी तुलना

जुनी फोर-बाय-फोर बघायला जाताना सोबत एक लहान हातोडी घेऊन जा. इंजिन सुरू करायला सांगण्याआधी गाडीखाली आडवे व्हा. मागच्या पाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे पाटा टांगणारी कडी, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जिथे बसते, तिथपासून पुढे चार-चार बोटांवर हलके ठोके मारत या. धड पत्रा टणटणतो. आतून सडलेला पत्रा थप्प आवाज करतो, आणि ठोक्यासरशी चासीच्या भोकातून तपकिरी पापुद्रे गळायला लागतात. हे पापुद्रे तळहातावर आले की उठा, कपडे झटका आणि घरी या. इंजिन कितीही गोड चालत असो.

मला विचारणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. जिप्सीचं पेट्रोल परवडेल का, जीपचं डिझेल पुढे चालू देतील का, पार्ट मिळतील का. प्रश्न बरोबर आहेत, पण मुंबईत त्यांचा नंबर दुसरा. इथे आधी गंज बघायचा, मग गाडी लावायची जागा, आणि मग इंजिन. माझ्याकडे भांडुपला १९९८ ची जिप्सी किंग आहे, इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये. मावसभावाकडे गोराईला महिंद्रा एमएम ५४० आहे, घरासमोरच्या अंगणात. रविवारी कधी मी तिकडे, कधी दादा इकडे. दोन्ही गाड्यांखाली माझी पाठ सारखीच घासली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी दोघींची ओळख. जिप्सी मारुतीने १९८५ मध्ये आणली. सुझुकीची लांब व्हीलबेसची एसजे ४१०, ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन. १९९६ मध्ये किंग आली, १३०० सीसीची, आणि २००० मध्ये त्याच इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह आणि कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, मिळालं. ताकद ८० हॉर्सपॉवरपर्यंत गेली. जीपची गोष्ट तर मुंबईचीच. महिंद्राने विलीजच्या जीपची जुळणी माझगावात सुरू केली, आणि एमएम ५४० ही त्याच घराण्यातली. तिच्यात प्यूजोचं एक्सडीपी डिझेल, २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. दोन्ही गाड्यांना पुढे-मागे पाटे, दोन्हींना सरळ ऍक्सल, दोन्हींना हाताने टाकायचा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणारी पेटी. कागदावर सख्ख्या बहिणी वाटतात. पान्याखाली आल्या की फरक कळतो.

गंज

मुंबईत चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. जिप्सीचा पत्रा पातळ. चासी बंद पेटीसारखी, त्यामुळे आत गेलेला चिखल आतच राहतो आणि वाळला तरी ओल धरून ठेवतो. सडण्याच्या जागा ठरलेल्या: मागच्या शॅकलजवळची चासी, बॉडी जिथे रबरांवर बसते ते माउंट, ड्रायव्हरच्या पायाखालचा मजला, काचेच्या फ्रेमची खालची कड, बॅटरीची थाळी. माझी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने नुकतीच रंगवून आणली होती. दिसायला आरसा. सहा महिन्यांनी पहिला पाऊस झाला आणि मजल्याचा रंग फुगला. स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर बोटभर जाडीची पुट्टी निघाली, तिच्याखाली वर्तमानपत्राचा बोळा आणि त्याखाली थेट रस्ता. पत्रा नव्हताच. त्या गॅरेजवाल्याने रंगाचे पैसे घेतले होते आणि भोकं कागदाने बुजवली होती. अशा मजल्यावर उद्या सीट बसवणार, तिच्यावर माझी मुलगी बसणार. तो राग अजून गेलेला नाही.

जीपही सडते, आणि गोराईत तर सडतेच. दादाच्या जीपच्या मजल्याखालच्या आडव्या पट्ट्या दोनदा बदलल्या. पण जीपचा पत्रा सपाट आहे, बहुतेक घड्या सरळ रेषेतल्या. चांगला डेंटर बेंडिंग मशीनवर मजला घडवून आणतो, आणि तुम्ही मापं नीट घेतलीत तर तो पहिल्या फटक्यात बसतो. अगदीच हाताबाहेर गेलं तर जीपचा पूर्ण हौद (मजला आणि बाजूंची बॉडी) नवा मिळतो. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपच्या बॉड्या बनवण्याचा मोठा धंदा आहे. जिप्सीचा पत्रा साच्यातून निघालेला. पॅनेल बाजारात मिळतात, पण मी आणलेली दारं आणि मडगार्ड घासल्या-ठोकल्याशिवाय एकदाही बसली नाहीत.

म्हणून माझा क्रम असा आहे: धड चासीची जिप्सी सगळ्यात वर, धड जीप दुसरी, सडकी जीप तिसरी, आणि सडकी जिप्सी सगळ्यात खाली. सडक्या जीपला वेळ दिला तर ती उभी राहते. सडक्या जिप्सीला वेळ दिला तर पुढच्या वर्षी ती शेजारच्या जागी सडते.

एक सांगायचं राहिलं. गाडी २००५ च्या आधीची असेल आणि तेव्हापासून मुंबईत असेल, तर २६ जुलैला ती कुठे उभी होती हे विचारा. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि शेकडो गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. सीटच्या रुळांखाली आणि डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या गाठीत बारीक गाळ दिसला तर उत्तर मिळालं.

जागा आणि शेजारी

स्टिल्टमध्ये काम करायचं तर जिप्सीच. कॅनव्हास हुडची जिप्सी हजार किलोच्या आत, साधारण ९८५ किलो. दोघांनी ढकलली तर खांबाआड सरकते. लहान ट्रॉली जॅकवर पुढचं तोंड सहज उचललं जातं. मात्र नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. चार चांगल्या घोड्या (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) ही पहिली खरेदी, पान्यांच्याही आधीची. जीप जड, तिचं लोखंडी इंजिन उतरवायला चेनपुली टांगायची सोय लागते, आणि ती इमारतीच्या बीमला टांगायची नसते.

आवाजाचंही बघा. थंडीच्या सकाळी एक्सडीपीचा एक हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारा प्लग) गेलेला असला की जीप सुरू होताना पांढरा धूर सोडते. अंगणात तो हवेत जातो. स्टिल्टमध्ये तो पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या खिडकीत जातो, आणि ते दम्याचे असतील तर त्यांची तक्रार खरी आहे. सोसायटीशी आधी बोलून घ्या: रात्री आठनंतर ग्राइंडर नाही, जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्यायचं, गटारात नाही, आणि वेल्डिंग इमारतीखाली अजिबात नाही. आजूबाजूला दहा गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या असतात. गाडी उघडून, घासून, रेड ऑक्साईड मारायचं काम घरी करा. चासीची वेल्डिंग डेंटरच्या आवारात.

इंजिन आणि पार्ट

जिप्सी इथे सरळ जिंकते, निदान २००० नंतरची. तिचं इंजिन मारुतीच्या एस्टीम कारच्याच कुळातलं, त्यामुळे बरेच पार्ट कारच्या दुकानात मिळतात. ब्लॉक ऍल्युमिनियमचा, हलका. पण ऍल्युमिनियम तापलेलं सहन करत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर गर्दीत तासभर अडकलात आणि रेडिएटर अर्धा चोंदलेला असला तर हेड वाकतं. रेडिएटर खोलून साफ करणं आणि थर्मोस्टॅट तपासणं ही जिप्सी घेतल्यावरची पहिली कामं.

कार्बोरेटरवाल्या जिप्सीला आता नवं दुखणं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतली ओल ओढून घेतं. महिनाभर उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. मी सगळ्या पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, इंजिनाच्या पेट्रोल पंपाजवळ पारदर्शक फिल्टर लावला, आणि दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास चालवतो. जीपला हा त्रास नाही.

जीपचं इंजिन मात्र साधेपणात मोठं आहे. सगळं हाताला लागतं, सगळं पान्याने सुटतं. फक्त इंजिनाचा डिझेल इंजेक्शन पंप आणि नोझल घरी उघडायचे नाहीत. त्यांना टेस्ट बेंचवर लावावं लागतं, त्यासाठी इंजेक्शन पंप दुरुस्त करणाऱ्याकडेच जा. बाकी हीटर प्लग, टॅपेट, क्लच, स्टार्टर हे शिकणाऱ्याचं काम आहे. दादाने क्लच प्लेट पहिल्यांदा स्वतः बदलली तेव्हा गिअरबॉक्स परत बसवताना शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (मधल्या दात्यांत) जाईना. दीड तास आम्ही दोघं कोपरावर टेकून, गिअरबॉक्स पोटावर पेलत, एक-एक दात फिरवत होतो. शेवटी प्लेट मध्यावर आणायला लाकडाचा एक गोल दांडा तासून घातला आणि गिअरबॉक्स ‘खट्’ करून बसला. तो दांडा अजून पान्यांच्या पेटीत आहे.

बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही गाड्यांसाठी नागदेवी स्ट्रीटला मिळतात. नाव सांगू नका, जुना सील सोबत न्या, त्यावरचा नंबर वाचून दाखवा. जुने पार्ट लागले तर कुर्ल्याचा सीएसटी रोड.

कागद

खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवू न देणारा दिल्लीचा नियम मुंबईत नाही, म्हणून तिकडच्या जीप इकडे स्वस्तात येतात. तिकडच्या आरटीओच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) हात लावू नका. पण डिझेलवर टांगती तलवार इथेही आहे: २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे बघायला समिती नेमली. दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर हे मनात असू द्या.

बदल करण्याचा उत्साह दोन्ही गाड्यांना सारखाच महागात पडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांचा अर्थ असा की कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालत नाही. बुलबारवर (पुढच्या बंपरवरच्या लोखंडी दांड्यांवर) २०१७ पासून बंदी आहे. आणि लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला लावताच येत नाही, तो फक्त सैन्याचा. लिलावातून आलेली गाडी असली तरी रंग बदलून आरसीवर चढवावा लागतो. इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, बॅटरीच्या उजेडात, कापडाने पुसून.

कायदा बाजूला ठेवला तरी लांब शॅकल टाकून गाडी उंच करू नका, विशेषतः जिप्सी. पुढचा ऍक्सल फिरतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कल) कमी होतो, आणि घोडबंदर रोडवर साठच्या वेगाला स्टिअरिंग हातात राहत नाही. मूळ पाटे उतरवून, त्यांची कमान परत भरून, नवे बुश घातले की बसकी गाडी बरीच वर येते.

२०१० नंतरची थार सीआरडीई चालवायला दोन्हींपेक्षा सुखाची, पण बिघाड शोधायला तिला कॉम्प्युटरचा स्कॅनर लागतो. पान्यांवर शिकायचं असेल तर ती नको. पन्नाशी ओलांडलेली विलीज हा वेगळा संसार आहे, तिच्यासाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे.

तर स्टिल्टमध्ये एका गाडीची जागा, संध्याकाळचे दोन तास आणि एकटेच असाल तर २००० नंतरची एमपीएफआय जिप्सी शोधा, आणि चांगली मिळेपर्यंत वर्षभर थांबायची तयारी ठेवा. वसई, उत्तन, गोराई अशा ठिकाणी अंगण असेल, डोक्यावर छप्पर असेल आणि सोबतीला कुणी असेल तर जीप घ्या. बघायला मात्र जुलैत जा. तेव्हा कोरडा रंग काही लपवू शकत नाही, मजल्यावरचं पाणी कुठून गळतं ते दिसतं, आणि फोर-लो (चारही चाकांचा हळू, जोरकस गिअर) टाकून बघायला चिखलही हजर असतो. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळवू नका, दोन्ही गाड्यांना मधला डिफरन्शियल नाही.